खिडकीजवळची हिरवी खुर्ची

ओलिव्ह प्रीसशी माझी ओळख भांडणातून झाली. चौतीस वर्षांपूर्वी मी थॉर्नबॅच गावच्या दवाखान्यात औषधं द्यायला लागले, आणि पहिल्याच आठवड्यात ही बाई काउंटरवर डबी आपटून म्हणाली, "या गोळ्या पांढऱ्या आहेत. माझ्या पिवळ्या असतात." मी समजावलं, की कंपनी बदलली, औषध तेच आहे. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच गोळ्यांना चुना फासलाय. "मग त्या कंपनीला कळव, ओलिव्ह प्रीस पिवळ्या घेते." पुढच्या महिन्यात खरोखरच पिवळ्या आल्या. माझा काही हात नव्हता, पण तिने मला श्रेय दिलं, माझ्या सुनंदाचं 'सू' करून टाकलं, आणि आमचं जमलं.

ती तेव्हा गावच्या शाळेत मुलांचं जेवण बनवायची. एकतीस वर्षं केलं. आज पन्नाशीला आलेले बाप्ये पबमध्ये बसलेले असतात, ओलिव्ह दारातून आत आली की ताटलीतले उरलेले वाटाणे गुपचूप संपवतात. तिने कधी कुणावर हात उचलला नाही. ती फक्त शेजारी येऊन उभी राहायची. उभं राहणं ही तिची खरी कला, आणि हे सगळं सांगणंही त्या उभं राहण्याबद्दलच आहे.

शनिवारी ती थॉर्नबॅच हॉलमध्ये उभी राहायची. विंडल घराण्याचं हे जुनं घर आता एका संस्थेकडे आहे. लोक तिकीट काढून बघायला येतात, आणि खोल्याखोल्यांतून आमच्यासारखे बिनपगारी स्वयंसेवक माहिती सांगायला उभे असतात. मी निवृत्त झाल्यावर ओलिव्हनेच मला तिथे ओढलं. मला जेवणाची खोली मिळाली, तिच्याकडे शेजारची सकाळची खोली होती. पूर्वेचं ऊन आधी तिथे येतं, म्हणून हे नाव. घरातल्या बायका तिथे बसून पत्रं लिहीत. खिडकीजवळ एक हिरव्या रेशमाची खुर्ची आहे, अडीचशे वर्षांची. त्या खुर्चीवर कुणी बसू नये म्हणून तिच्या बैठकीवर एक वाळलेलं काटेरी बोंड ठेवलेलं असतं. पाटी लावायची नाही, दोरी बांधायची नाही, नुसतं बोंड ठेवायचं. बसायला जाणाऱ्याला बोंड दिसतं, तो ओशाळतो आणि पुढे जातो. या देशात निम्मी कामं अशी न बोलता होतात.

न ओशाळणाऱ्यांसाठी ओलिव्ह होती. एकदा जिल्ह्याचे कुणी बडे गृहस्थ गळ्यात पदाची सोन्याची साखळी घालून आले, बोंड उचलून बाजूला ठेवलं आणि ऐटीत टेकायला गेले. ओलिव्ह तीन पावलांत तिथे. "साहेब, ते बोंड तुमच्यासाठीच आहे," म्हणाली. साहेब अर्धवट वाकलेल्या अवस्थेतून सरळ झाले. सव्वीस वर्षांत त्या खुर्चीला एकाही माणसाचं बूड लागलं नाही, हे ती अभिमानाने सांगायची.

मला ते आवडायचं नाही. मी तिला तोंडावर बोललेही आहे. "ओलिव्ह, ते विंडल लोक जाऊन साठ वर्षं झाली. त्यांच्या खुर्चीची एवढी राखण कशाला? तुला काय ते पेन्शन देणार आहेत?" ती हातमोजे नीट करत म्हणायची, "तू तुझे काटेचमचे सांभाळ, सू." मला वाटायचं, बाईच्या रक्तातच चाकरी आहे. तिची आई नेल लहानपणी त्याच घरात मोलकरीण होती एवढं गावाला माहीत होतं, आणि त्याच्या पलीकडे मी कधी विचारलं नव्हतं. माझी चूक झाली, ती मी इथे कबूल करते.

गेल्या वर्षी नवीन व्यवस्थापिका आली, जोसलिन. चाळिशीची, हुशार, पायात कायम चिखलाचे बूट. वाईट मुळीच नाही. जानेवारीत तिने ओलिव्हला ऑफिसात बोलावलं, चहा दिला, बिस्किटांचा डबा पुढे केला. डबा पुढे आला तेव्हाच ओलिव्हने ओळखलं.

"ओलिव्ह, तुमची ऐंशी वर्षं झाली," जोसलिन म्हणाली.

"मला माहीत आहे. मी तिथे हजर होते."

"साडेपाच तास त्या थंडीत उभं राहायचं, म्हणजे... आम्हालाच काळजी वाटते. तिकिटाच्या खिडकीवर छान हीटर आहे, गादीची खुर्ची आहे. तुम्ही तिथे बसा. सगळ्यांना तुमचं पहिलं दर्शन होईल."

"आणि माझी खोली?"

"ती आपण कुणाला तरी देऊ."

ओलिव्हने बिस्किट घेतलं नाही. "मी त्या खोलीतून दमून बाहेर पडेन तेव्हा पडेन," ती म्हणाली. "तू मला दमलेली दाखव, मग मी तिकिटं फाडते."

शेवटी असं ठरलं, की फेब्रुवारीत स्नोड्रॉपची पांढरी फुलं येतात त्यातल्या पहिल्या शनिवारी, जेव्हा सगळ्यात जास्त गर्दी असते, त्या दिवशी जोसलिन स्वतः बघेल. ओलिव्ह शेवटपर्यंत नीट उभी राहिली तर खोली तिची. बसावं लागलं, चक्कर आली, काही गडबड झाली, तर तिकिटाची खिडकी. मला हे कळलं तेव्हा मी म्हटलं, "अगं, हीटर मिळतोय, घे की." ती तीन दिवस माझ्याशी बोलली नाही.

तो शनिवार उगवला तो कोरडा आणि बोचरा. घर हिवाळाभर बंद असतं, खिडक्यांचे फळ्यांचे दरवाजे लावून, सामानावर चादरी टाकून निजवलेलं. फेब्रुवारीत बागेतली फुलं आली की तळमजल्याच्या तीन खोल्या तेवढ्या उघडतात. शेकोट्या पेटवत नाहीत, सामानाला धूर सोसत नाही. म्हणून आम्ही अंगात दोन दोन गंजिफ्रॉक घालतो, आणि मी तर कार्डिगनच्या आत गरम पाण्याची पिशवी बांधते. बाहेर पानं झडलेल्या झाडांखाली उतारभर पांढरी फुलं, माना खाली घालून उभी. दहा वाजताच दोन बसगाड्या आल्या होत्या, आणि मफलर गुंडाळलेली माणसं गुडघ्यांवर बसून फुलांचे फोटो काढत होती. या लोकांना मी लग्नातसुद्धा गुडघ्यावर बसताना पाहिलेलं नाही.

प्रत्येक खोलीत स्वयंसेवकासाठी एक घडीची खुर्ची असते. दार उघडायच्या आधी ओलिव्हने आपली खुर्ची उचलली, घडी केली आणि माझ्या खोलीत आणून टेकवली.

"हे काय?"

"ठेव इथे. खोलीत असली की जोसलिन बघेल, आणि म्हणेल की सोय म्हणून ठेवलीय."

"अगं, दोन मिनिटं टेकलीस तर कोण फाशी देणार आहे?"

"मला नकोय म्हटलं ना. आणि तू पण आज माझ्या खोलीत डोकावत बसू नकोस, जशी काही मी पडणारच आहे."

मी माझ्या काटेचमच्यांपाशी गेले. दुपारी एकपर्यंत सगळं छान चाललं होतं. मधलं दार उघडं असल्यामुळे तिचा आवाज मला ऐकू येत होता. आरसा कुठल्या सालचा, भिंतीवरच्या कागदावरचे पक्षी कुठल्या देशातून रंगवून आणले, भिंतीवरच्या चित्रातली बाई कोण, तिचं नाक असं का. तिला सगळं पाठ, पण प्रत्येकाला नव्याने सांगितल्यासारखं सांगायची. जोसलिन दोनदा दारातून डोकावून गेली. दोन्ही वेळा ओलिव्ह ताठ उभी, हात मागे बांधलेले, जशी शाळेत वाटाण्यांवर नजर ठेवायची तशी.

सव्वा वाजता एक बाई आत आली. पन्नाशीची, अंगाने भरलेली, अंगावर चांगला जांभळा कोट, पण डोळे सुजलेले. ती कशाकडेच बघत नव्हती. ओलिव्ह सांगत होती ते ती मान हलवून ऐकत होती, आणि मान हलता हलता तिने खिडकीच्या चौकटीला हात लावला. चौकटीला हात लावू नका, हे सांगायला ओलिव्ह पुढे झाली, आणि तिचा चेहरा बघून थांबली.

"तुम्ही बऱ्या आहात ना?"

"हो, हो. रात्रपाळी करून आलेय, त्यामुळे..." बाई हसायचा प्रयत्न करत म्हणाली. "वृद्धाश्रमात काम करते मी. माझ्या बहिणीने वाढदिवसाला या सहलीचं तिकीट काढलं. सकाळी आठला सुटले, साडेआठची बस. ती बाहेर फुलांचे फोटो काढतेय. म्हटलं, आपण आत जरा..." आणि तिचे गुडघे वाकले.

ओलिव्हने तिला दंडाला धरलं. ऐंशी वर्षांच्या त्या काटकुळ्या बाईने तो जांभळा कोट एका हाताने पेलला आणि मान वळवून घडीच्या खुर्चीची जागा पाहिली. जागा रिकामी होती. खुर्ची माझ्या खोलीत, मध्ये वीसेक माणसं, आणि मी त्या वेळी दुसऱ्या टोकाला एका गृहस्थाला सूपची पातेली दाखवत होते.

मग जे झालं ते मी तिथूनच उघड्या दारातून पाहिलं. ओलिव्हने मोकळ्या हाताने हिरव्या खुर्चीवरचं बोंड उचललं, आपल्या कार्डिगनच्या खिशात घातलं, आणि त्या बाईला अडीचशे वर्षांच्या रेशमावर बसवलं. बाई म्हणाली, "अहो, इथे कशी बसू मी..." आणि वाक्य पुरं व्हायच्या आत तिची मान खांद्यावर कलली. ती बेशुद्ध नव्हती. तिला गाढ झोप लागली होती.

मी धावत गेले. मनगट धरून नाडी पाहिली, श्वास पाहिला. सगळं ठीक होतं. दवाखान्यात इतकी वर्षं काढल्यावर दमलेलं माणूस आणि आजारी माणूस यातला फरक कळतो.

"झोपलीय नुसती," मी कुजबुजले. "आता माझ्याकडची खुर्ची आणते, तिला हळूच उठवू आणि त्या खुर्चीवर बसवू."

"नाही."

"ओलिव्ह, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना? जोसलिन कुठल्याही क्षणी येईल. आजच्या दिवशी, आणि तीही याच खुर्चीवर. तुझी खोली जाईल."

"जाऊ दे. तिला कुणी उठवायचं नाही."

तिच्या आवाजात कसलीच घाई नव्हती. ती खुर्चीच्या शेजारी आपल्या नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिली, हात मागे. पुढची माणसं आत आली तेव्हा तिने ओठांवर बोट ठेवलं आणि हळू आवाजात आरशापासून सुरुवात केली. लोक कुजबुजत फिरू लागले. एका जोडप्याला वाटलं, हा नवीन देखावाच आहे, पूर्वीचं जीवन दाखवणारा. नवरा बायकोला म्हणाला, "किती हुबेहूब केलंय बघ, घोरतेसुद्धा." बायको म्हणाली, "कोट मात्र त्या काळातला नाही." ओलिव्हने त्यांना पुढे आरसा दाखवला.

वीस मिनिटांनी जोसलिन आली. ती दारात उभी राहिली, तिने खुर्ची पाहिली, खुर्चीतली बाई पाहिली, आणि मग ओलिव्हकडे पाहिलं. मी मधल्या दारात होते. मला आत यायची गरज नव्हती, पण मी आले, कारण एवढं पाहिल्यावर सूपच्या पातेल्यांपाशी कोण उभं राहणार.

"ओलिव्ह," जोसलिन अगदी हळू म्हणाली, "हे काय आहे?"

"पाहुण्या बाई दमल्या होत्या. बसवलं."

"तुमची घडीची खुर्ची कुठे आहे?"

"मीच बाहेर काढली. तुला दाखवायला, की मला लागत नाही. ती माझी चूक, ती मी घेते."

"ठीक आहे. पण वीस मिनिटं? ते रेशीम... तुम्हीच सगळ्यांना सांगता ना, की ते हाताच्या घामानेसुद्धा विरतं. आता तरी त्यांना उठवायला हवं."

"तुला उठवायचं असेल तर तू उठव," ओलिव्ह म्हणाली. "मी नाही उठवणार. या खुर्चीतून एकीला एकदा उठवलंय."

जोसलिन पुढे टाकलेलं पाऊल तिथेच थांबवून उभी राहिली.

ओलिव्हने पाहुणे बाहेर जाईपर्यंत थांबून, आरशाची माहिती सांगायची त्याच आवाजात सांगितलं. "माझी आई नेल सतरा वर्षांची होती. पहाटे पाचला उठून, अकरा खोल्यांतली राख काढून, सातच्या आत अकरा शेकोट्या पेटवायच्या. फेब्रुवारीच होता. आदल्या रात्री मेजवानी, भांडी आवरता दोन वाजलेले. ही शेवटची खोली. शेकोटी पेटली, ऊब आली, आणि ती या खुर्चीच्या कडेवर टेकली. कडेवर हं, नीट बसलीसुद्धा नाही. मुख्य मोलकरणीने येऊन हलवून उठवलं तेव्हा साडेसात झाले होते. बारा वाजता ती पत्र्याची पेटी घेऊन मागच्या रस्त्याने बाहेर पडली. सात मैल चालत. चांगल्या वर्तणुकीची चिठ्ठी दिली नाही, त्यामुळे परत कुठल्या घरात नोकरी मिळाली नाही. आयुष्यभर भाज्या डब्यांत भरायच्या कारखान्यात गाजरं सोलली."

खुर्चीतली बाई एकदा घोरली आणि पुन्हा शांत झाली.

"तिने कधी सांगितलं नव्हतं," ओलिव्ह म्हणाली. "आमच्या घरात स्नोड्रॉप आणू द्यायची नाही. फुलं घरात आणली की कुणीतरी जातं, असं सगळ्याच बायका म्हणायच्या, म्हणून आम्हाला वाटायचं तसलंच काहीतरी. मागच्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्या दिवशी हीच फुलं होती, हे मला नंतर कळलं. मी इथे यायला लागले तेव्हा ती अठ्ठ्याहत्तरची होती. विचारलं, 'कुठली खोली दिली तुला?' म्हटलं, सकाळची. तर म्हणाली, 'ती हिरवी खुर्ची आहे का गं अजून?' मग सगळं सांगितलं."

मला तोंड दाखवायला जागा उरली नाही. सव्वीस वर्षं ही बाई त्या खुर्चीवर कुणाला बसू देत नव्हती, आणि मी तिला विंडलांची चाकर म्हणत होते. ती विंडलांची खुर्ची राखत नव्हती. ज्या खुर्चीपायी तिच्या आईचं आयुष्य बदललं, त्या खुर्चीवर सोन्याची साखळी घातलेला कुणी उगीच मजा म्हणून टेकू नये, एवढंच तिचं म्हणणं होतं. मला तिची माफी मागायची होती. मी तिच्या कार्डिगनच्या खिशातून बाहेर आलेलं बोंड नीट आत सरकवलं.

जोसलिन दाराकडे गेली. मला वाटलं, कुणाला तरी बोलवायला चालली. तिने दाराचं एक कवाड लोटून घेतलं, बाहेरच्या खुंटीवरची 'खोली थोडा वेळ बंद' ही पाटी लावली, आणि आत येऊन खिडकीचा पडदा हात-दीड हात ओढला. उजेड झोपलेल्या बाईच्या डोळ्यांवर येत होता.

"दहा मिनिटं," ती म्हणाली.

पंचवीस झाली. बाई आपोआप जागी झाली. आधी तिला कळेचना आपण कुठे आहोत. मग कळलं आणि ती दचकून उठायला गेली. "अगं बाई, मी या खुर्चीवर... माफ करा, मला खरंच..."

"बसा, बसा," ओलिव्ह म्हणाली. "झोप झाली का?"

"कधी नव्हे ते एवढी लागली." तिचं नाव पॉलेट होतं, वुल्व्हरहॅम्प्टनची. ती कोट सावरत उभी राहिली आणि पाठीला हात लावला. "पण खरं सांगू? खुर्ची फार टणक आहे हो. फळी बरी."

ओलिव्ह हसली. मी तिला चौतीस वर्षं ओळखते, पण असं हसताना पाहिलं नव्हतं. खांदे हलत होते आणि डोळे वाहत होते. "माझी आई हेच म्हणायची," तिने कसंबसं सांगितलं. "म्हणायची, मऊ असती तरी नोकरी गेल्याचं काही वाटलं नसतं. दगडावर झोपल्याबद्दल काढलं मला."

पॉलेटला त्यातलं काहीच कळलं नाही, पण ती शहाणी बाई, ती पण हसली. जोसलिनने तिला स्वतः चहाच्या खोलीत नेलं, बटाट्याचं गरम सूप आणि स्कोनचा गोडसर पाव पुढ्यात ठेवला आणि बागेतून तिच्या बहिणीला शोधून आणलं. पाटी काढली, दार उघडलं. ओलिव्ह आपल्या जागी होती.

साडेतीनला घर बंद झालं. शेवटचा माणूस गेल्यावर आम्ही खिडक्यांचे लाकडी दरवाजे लावत होतो, तेव्हा जोसलिन वही घेऊन आली. दिवसभरात काय झालं ते त्या वहीत लिहावं लागतं. तिने ओलिव्हच्या समोरच लिहिलं, की पाहुणीची प्रकृती बिघडली, खुर्ची वापरावी लागली, रेशीम तपासलं, नुकसान नाही. सही केली. मग खुर्चीकडे पाहत उभी राहिली.

"ओलिव्ह, तुम्ही कधी बसलात हिच्यावर?"

"नाही."

"सव्वीस वर्षांत? एकट्या असतानासुद्धा?"

"एकटी असताना कशाला बसेन? चोरून?"

खुर्ची रिकामीच होती, बोंड अजून ओलिव्हच्या खिशात. जोसलिनने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मग ती खुर्चीच्या बाजूला सरकून उभी राहिली.

"बसा," ती म्हणाली. "मी आहे इथे. कुणी उठवणार नाही."

मी म्हटलं, "बस गं ओलिव्ह. आईसाठी बस."

ओलिव्हने खुर्चीकडे पाहिलं. साडेपाच तास ती उभी होती. तिच्या घोट्यांना सूज आलेली मला दिसत होती, बुटांच्या कडांवरून मांस बाहेर आलं होतं. तिने खिशात हात घातला, बोंड बाहेर काढलं, त्याला अडकलेला लोकरीचा धागा सोडवला आणि ते हलक्या हाताने रेशमावर, नेमकं मधोमध ठेवलं.

"आई बसली कारण ती दमली होती," ती म्हणाली. "ती बाई बसली, ती पण दमली होती. मी दमलेली नाही."

जोसलिनने वही मिटली, माझ्या खोलीत गेली, ओलिव्हची घडीची खुर्ची उचलून आणली आणि सकाळच्या खोलीत दाराजवळ भिंतीला टेकवून ठेवली.

"पाहुण्यांसाठी," ती म्हणाली.

"पाहुण्यांसाठी," ओलिव्हने मान्य केलं. "पुढच्या शनिवारी मी पावणेदहाला येते. तो आरसा कुणीतरी नीट पुसत नाही."

आम्ही दोघी घरी जायला निघालो. गाडी पुढच्या दाराशी होती, पण ओलिव्ह म्हणाली, मागून जाऊ. मी तिच्या पायांकडे पाहिलं आणि तिच्याबरोबर वळले. मागच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी फुलं होती, अंधूक उजेडात पांढरी. मध्येच ती वाकली, चांगली कमरेत वाकली, पाच-सहा फुलं देठांसकट खुडली आणि बोंडाच्या जागी खिशात ठेवली. संस्थेच्या बागेतलं फूल तोडायला सक्त मनाई आहे, आणि हे ती दर शनिवारी लोकांना सांगते.

"घरात नेणार?" मी विचारलं.

"टेबलावर ठेवणार," ती म्हणाली. "चल, पाय उचल, सू. दमलीस का काय?"